बारा व्होल्टचा संसार

भाकरी करपल्याचा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. त्या रात्री गाडीत आलेला वास तो नव्हता. प्लॅस्टिकची पिशवी चुलीत पडावी तसा, डोळ्यांना झोंबणारा. 2022 सालचा डिसेंबर होता. सोलापूरचं प्रदर्शन आटोपून मंगळवेढ्याला परतत होतो. स्टिअरिंगवर माझी धाकटी जाऊ, शेजारी मी, मांडीवर पैशांचा डबा. मागे हौद्यात कडक भाकरीची आणि शेंगाचटणीची उरलेली खोकी. डॅशबोर्डाखालून धूर यायला लागला. जाऊने गाडी कडेला घेतली, चावी काढली, तरी धूर थांबेना. चावी काढली की सगळं बंद होतं, अशी माझी आपली समजूत! जाऊने सीटखालून 10 नंबरचा पाना काढला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीची एक वायर मोकळी केली. तेव्हा कुठे धूर विरला.

तिला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. "अक्का, घरी काही जळायला लागलं की आपण आधी मेन स्विच पाडतो ना, तसंच," एवढंच ती म्हणाली.

मैत्रिणींनो, ही पिकअप आमच्या बचत गटाची. अकराजणींनी पै-पै जमवून आणि वर कर्ज काढून 2021 मध्ये जुनी घेतलेली. ती जळली असती तर गाडी गेलीच असती, वर हप्ते राहिले असते. त्या रात्री घरी येऊन मी जेवले नाही, आणि जाऊ पोटभर जेवली. स्वभाव एकेकाचा!

झालं होतं असं, की दोन महिन्यांपूर्वी आम्ही हौद्यात दिवे आणि केबिनमध्ये चार्जिंगचा पॉइंट बसवून घेतला होता. हौस म्हणून नाही. बाजार उठतो संध्याकाळी सातला, आवराआवर आणि गाडी भरणं अंधारातच. एकीने दातात मोबाइल धरायचा, दुसरीने खोकी चढवायची. गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवरून पैसे देतं, म्हणजे दिवस मावळेपर्यंत आमचे फोन जिवंत राहायला हवेत. म्हणून एका दुकानात गाडी नेली. त्या माणसाने तासाभरात काम करून दिलं, पैसे घेतले, दिवे लागले, आम्ही खूश. त्याने वायर थेट बॅटरीवरून घेतली होती, हे नंतर कळलं. मध्ये फ्यूज नाही. केबिनमध्ये वायर आणताना पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड उघडीच ठेवली होती. गाडी हादरत राहिली, वायर त्या कडेवर घासत राहिली, आणि एक दिवस आतली तार पत्र्याला टेकली. तो माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट होती ती 'चलता है' वृत्ती. आणि आम्हीही काही न विचारता पैसे मोजलेच की!

आमच्या गावात एक चाचा आहेत. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून दुकान मुलाकडे दिलंय. दुसऱ्या दिवशी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी जळकी वायर बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "दुरुस्त करून देतो. पण पुढच्या वेळी रस्त्यात कोण येणार? तुम्ही दोघी बसा इथे, बघा." आम्ही बसलो. घरी सासूबाई म्हणाल्या, "आता एवढंच राहिलं होतं, वायरी उचकायचं." आमचे हे म्हणाले, "शिकायचं तर नीट शिका, अर्धवट हात लावू नका." त्यांचं म्हणणं मला पटलं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. ओहमचा नियम दहावीत पाठ केला आणि पेपर देऊन आले त्याच दिवशी विसरले. त्यामुळे चाचांचं पहिलंच वाक्य मला धक्का देऊन गेलं. ते म्हणाले, "घरातली वीज माणसाला मारते, गाडीतली वीज गाडीला मारते." घरात 230 व्होल्ट. हात लागला तर जिवावर बेतणार, म्हणून आपण तिला भितो. गाडीत 12 व्होल्ट. कोरड्या हाताला जाणवतसुद्धा नाही. म्हणूनच सगळे तिला किरकोळ समजतात. पण डिझेल इंजिन फिरवायला बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देते. इतका प्रवाह आपल्या बारीकशा वायरीतून थेट पत्र्यात गेला, तर ती वायर शेगडीच्या कॉइलसारखी लाल होणार, दुसरं काय होणार?

फ्यूज नेमका कशासाठी, हेही तिथेच कळलं. मला वाटायचं, दिवा उडू नये म्हणून. तसं नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच लावायचा. दिव्याजवळ लावला तर बॅटरीपासून दिव्यापर्यंतची सगळी वायर उघड्यावरच राहिली. आणि फ्यूज उडाला की तिथे तार गुंडाळायची नाही, सिगारेटच्या पाकिटातला चमचमता कागदही घालायचा नाही. अशा 'दुरुस्त्या' आपल्याकडे निम्म्या गाड्यांत सापडतील, असं चाचा म्हणतात.

किती अँपिअरचा फ्यूज घालायचा, हा हिशेब तर दुधाच्या हिशेबापेक्षा सोपा निघाला. दिव्यावर वॅट लिहिलेले असतात, त्यांना 12 ने भागायचं. आमच्या हौद्यात एलईडीच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी 12 वॅटची. 24 भागिले 12, म्हणजे 2 अँपिअर. त्याला 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर मात्र त्या फ्यूजपेक्षा जास्त प्रवाह सहज झेलणारी हवी. आम्ही दीड एमएमची, आत पुष्कळ बारीक तारा असलेली घेतली. घरातल्या वायरिंगमधली एकाच जाड तारेची वायर गाडीत नको, सततच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते. फ्यूजचे रंगही ठरलेले असतात. 5 चा बदामी, 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. जाऊला हे एका दिवसात पाठ झाले. मी अजून वरचा आकडा वाचते.

गाडीतलं 'अर्थिंग' हा शब्द फसवा आहे. त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. बॅटरीची एक बाजू गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते, त्यामुळे दिव्याला एकच वायर न्यायची आणि दुसरी जवळच्या पत्र्याला बोल्टने आवळायची. पण तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत केला पाहिजे. आम्ही पहिल्यांदा रंगावरच बोल्ट आवळला. दिवा गणपतीच्या माळेसारखा लुकलुकत राहिला आणि आम्ही दुकानदाराला नावं ठेवत बसलो.

रिले म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. तिचं काम मला पटकन समजलं, कारण ते आमच्या घरातलंच निघालं. सासूबाई पाटावर बसून नुसती खूण करतात आणि जड पातेलं सून उचलते. तसं डॅशबोर्डावरच्या छोट्या स्विचने रिलेला खूण करायची, जास्तीचा प्रवाह तो आपल्या अंगावरून नेतो. त्याच्या पायांवर आकडे असतात. 85 आणि 86 ही खुणेची बाजू, 30 वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, 87 वरून पुढे सामानाकडे. आमच्या दोन एलईडी पट्ट्यांना रिलेची खरं तर गरज नव्हती. पण चार्जिंगचा पॉइंट आणि केबिनमधला छोटा पंखा (सोलापूरकडचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्या हसणार नाहीत) हे दोन्ही आम्ही एका रिलेवर घेतले, आणि त्या रिलेला खूण चावीच्या लाइनवरून दिली. म्हणजे चावी काढली की दोन्ही बंद.

प्रत्यक्ष काम दोन रविवार चाललं. चाचा स्टुलावर बसून सांगणार, आम्ही करणार. सुरुवात वायरीपासून नाही, अंगावरच्या दागिन्यांपासून. पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून डब्यात. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत. बॅटरीच्या प्लसला लागलेला पाना धरलेल्या हातातली अंगठी पत्र्याला टेकली तर ती तापून बोट भाजतं, कापावं लागलेली बोटं चाचांनी पाहिली आहेत. मग बॅटरीची मायनसची वायर आधी काढायची. काम संपल्यावर तीच सगळ्यात शेवटी जोडायची. जोड नुसते पिळून टेप गुंडाळायची नाही, थिंबल लावून दाबायचे आणि वर आकसणारी नळी चढवायची. पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट. आमची गाडी जळता जळता वाचली ती या दोन-पाच रुपयांच्या रबरी चकतीवाचून! चॅसीवरून जाणारी वायर खाचांच्या काळ्या पाइपातून नेली आणि हातभर अंतरावर टाय बांधले. बॅटरीच्या टोकांवर साचलेला हिरवट-पांढरा थर मात्र आमच्या हुकमी विषयातला निघाला. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून, जुन्या ब्रशने घासून साफ केला. बॅटरीच्या झाकणांतून हे पाणी आत जाऊ द्यायचं नाही. पुसून कोरडं केल्यावर वरून व्हॅसलिनचा हात. सगळं सामान अडीच हजारांच्या आत आलं. चाचांनी मजुरी घेतली नाही, चटणी घेतली.

आता आमची फजिती सांगते. हौद्यातले दिवे गाडी बंद असतानाच लागतात, म्हणून ते चावीवर न घेता फ्यूजमधून थेट बॅटरीवर घेतले होते. तिसऱ्याच बाजाराला ते रात्रभर चालू राहिले. 2 अँपिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण दहा तासांत बॅटरीतून 20 अँपिअर-तास गेले. बॅटरी जुनी, त्यात जानेवारीची थंडी. सकाळी इंजिन नुसतं कुंथलं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली, मीही पदर खोचून ढकलली, आणि "वायरमन बाई, जोर लावा" अशी दादही मिळाली. नंतर जाऊने डॅशबोर्डावर बारीक लाल दिवा बसवला. हौद्यात उजेड असेपर्यंत तो जळत राहतो.

विजेच्या कामातून धीर आला आणि बाकीच्या सोयी सुचत गेल्या. साडी नेसून हौद्यात चढून बघितलंय कधी? पाय ठेवायला आधार नसतो, आणि खोकं हातात असेल तर तोलही नसतो. लोहाराकडून फाळक्याला अडकवायची दोन पायऱ्यांची शिडी करून घेतली, काम झालं की काढून आत ठेवायची. केबिनच्या मागच्या बाजूला आतून पडद्याची दोरी लावली. गटातल्या एकीचं बाळ अंगावर पितं, गाडी उभी असताना तिला आडोसा हवा. हा पडदा बसवायला पाच मिनिटं लागली. तिने तो मागायला चार महिने घेतले. आम्ही सगळ्या बायकाच, तरी तिला संकोच वाटला, हे माझ्या मनाला लागून राहिलंय.

काही गोष्टी मात्र आम्ही मुद्दाम केल्या नाहीत. पुढचे दिवे झगझगीत करून घ्या म्हणून सुचवणारे पुष्कळ भेटले. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवून आपल्याला काय मिळणार? शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. गाडी चालताना मागच्या बाजूला पांढरा उजेड दिसणंही चालत नाही, तो फक्त रिव्हर्सला आणि नंबर प्लेटला. म्हणून निघण्याआधी हौद्यातले दिवे बंद. तो लाल दिवा इथेही उपयोगी पडतो. गाडी नवी असेल तर कंपनीच्या वायरिंगला कापाकापी करू नका, वॉरंटीच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

ती जळकी वायर आम्ही टाकली नाही. डॅशबोर्डाच्या कप्प्यात, सुट्या फ्यूजच्या डबीशेजारी ठेवली आहे. शेजारच्या गावच्या गटाने यंदा जुना टेम्पो घेतला, त्यांना जाऊ आधी ती वायर हातात देते आणि मग बॉनेट उघडायला लावते.

परवा रात्री अंगणात गाडी भरत होतो. सासूबाई ओसरीवर बसून बघत होत्या. हौद्यातल्या उजेडात खोक्यांवरची अक्षरं त्यांना तिथून वाचता येत होती. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लाइट गेली की गोठ्यात मिट्ट अंधार असतो. गाडीची ती जुनी बॅटरी पडूनच आहे ना?" जाऊ म्हणाली, "लावते उद्या." त्यावर सासूबाई लगेच, "फ्यूज घालून लाव बरं का!"