३० कोटी डॉलरचं बटण

अमेरिकेतले वेबसाइट-तज्ज्ञ जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेला हा किस्सा मला फार आवडतो. एक मोठं ऑनलाइन दुकान (नाव त्यांनी सांगितलेलं नाही). सामान निवडून 'चेकआउट' दाबलं की फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, 'लॉगिन', 'रजिस्टर'. बस्स, नवे ग्राहक इथेच वैतागायचे. घ्यायची एक वस्तू, त्यासाठी खातं कशाला? जुन्यांचीही बोंबच, कोणता ईमेल दिला होता तेच आठवेना. तपासलं तर ४५ टक्के ग्राहकांची एकाहून जास्त खाती, काहींची तर दहा-दहा!

मग 'रजिस्टर'च्या जागी 'कंटिन्यू' आलं, सोबत 'खातं उघडायची गरज नाही' अशा अर्थाचा साधा मजकूर. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, पहिल्याच वर्षी ३० कोटी डॉलरची जादा विक्री.

आपल्याकडे वर ओटीपीची भर. मेसेज बघून परत यावं तर अर्धा भरलेला फॉर्म कोरा! पासवर्डमध्ये कॅपिटल अक्षर हवं, हे 'सबमिट' दाबल्यावर लाल अक्षरांत कळतं. आधी सांगायला काय जातं?

साइटवाल्यांनो, आधी पैसे तर घ्या. खात्याचं नंतर विचारा!