काडी विझते, पण डिझेल पेटतं

डिझेलच्या डबड्यात जळती काडी टाकून ती विझवून दाखवणारा एखादा माणूस बहुतेक गावांत सापडतो. प्रयोग खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि प्रत्यक्षात तो बऱ्याचदा याहून जास्त असतो. पेट्रोलचा उणे ४० अंशांच्या आसपास. म्हणून गार डिझेलवर काडी विझते आणि पेट्रोलवर भडका उडतो. पण मे महिन्यात तेलंगणातल्या आदिलाबादचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधलं डिझेल गार राहिलेलं नसतं.

आणि ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेनं पेटण्यात डिझेल पेट्रोलच्या पुढे आहे. साधारण २१० ते २५० अंशांना ते आपोआप पेट घेऊ शकतं. ट्रॅक्टरचं इंजिन स्पार्क प्लगशिवाय चालतं ते याच गुणावर. उघड्या हवेत गळणारा थेंब पेटायला पृष्ठभाग याहून तापलेला लागतो. पण भरलेली ट्रॉली चढावर ओढताना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या वर जाऊ शकतो. फुटलेल्या डिझेल पाइपातून किंवा हायड्रॉलिकच्या नळीतून बारीक तुषार त्यावर उडाले, तर आग लागायला काडीची गरज उरत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यात हा विषय नुसता यंत्रापुरता राहत नाही. जिल्ह्यात चार लाखांहून अधिक एकरांवर कापूस होतो. जैनथ, बेला, तामसी या पैनगंगेकडच्या मंडलांत ऑक्टोबरपासून वेचणी सुरू झाली, की कापूस घराच्या पडवीत, माजघरात, कधी आढ्यापर्यंत साठतो आणि मग ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आदिलाबादच्या मार्केट यार्डात जातो. खरेदी सुरू होण्याच्या दिवसांत यार्डाबाहेर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, एकीच्या मागे एक, वरून सगळा उघडा कापूस. कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (सीसीआय) ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण हमीभाव देते, पुढे टक्क्यागणिक कपात करते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाही. साहजिकच शेतकरी कापूस वाळवून वाळवून आणतो. ज्या कोरडेपणाला भाव मिळतो, त्याच कोरडेपणात ठिणगी लवकर धरते. इतर ठिकाणी ट्रॅक्टरच्या वायरीतला दोष ट्रॅक्टरपुरता राहील. इथे त्याच्या मागे एका कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न जोडलेलं असतं.

अशा आगीनंतर पहिलं वाक्य ऐकू येतं ते उन्हाबद्दल. “ऊन इतकं होतं, की कापूस आपोआप पेटला.” कोरडा, स्वच्छ कापूस उन्हानं आपोआप पेटत नाही. ४५ अंश आणि त्याचं पेटण्याचं तापमान यांत शेकडो अंशांचं अंतर आहे. ऊन आगीला पसरायला मदत करतं, सुरुवात कुठूनतरी दुसरीकडून झालेली असते: बिडीचं थोटूक, सायलेन्सरमधून उडालेला जळका काजळीकण, लोंबकळती वायर, शेजारच्या शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्या. आपोआप तापतं ते वेगळंच. ओला असताना रचलेला कडबा किंवा गवताची गंजी जिवाणूंच्या क्रियेनं आतून तापत जाते, आणि जवसासारख्या वनस्पती तेलानं भिजलेल्या कापसाच्या चिंध्या ढिगात पडल्या तर त्याही तापू शकतात.

कापसाच्या आगीचा आणखी एक गुण माहीत असायला हवा. ती वरून विझते आणि आत धुमसत राहते. तंतूंमध्ये अडकलेली हवा तिला पुरते. म्हणूनच जिनिंगमध्ये दाबून बांधलेली गाठ कित्येक तासांनी, कधी काही दिवसांनीही, पुन्हा धूर देऊ लागते. ट्रॉलीतला कापूस “विझला” म्हणून त्याच रात्री घरात आणून टाकणं हा आग घरात आणण्याचाच प्रकार ठरतो. तो उघड्यावर, घरा-गोठ्यापासून लांब पसरून, पाण्यात थोडी साबणाची पावडर मिसळून आतपर्यंत भिजवावा लागतो. नुसतं पाणी कापसाच्या मेणचट तंतूंवरून ओघळून जातं.

मळणीच्या आणि काढणीच्या यंत्रांबद्दल सगळ्यांत जास्त अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आहे, कारण तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात हार्वेस्टरच्या आगींनी मैलोन्‌मैल पिकं जाळली. तिथल्या ग्रेन्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशननं दिलेले आकडे विचार करायला लावणारे आहेत: दर वर्षी सरासरी सुमारे ७ टक्के हार्वेस्टरमध्ये कुठेतरी आग लागते आणि अशा दहा आगींपैकी एक यंत्राचं किंवा भोवतालच्या पिकाचं मोठं नुकसान करते. बहुतेक आगी इंजिनाच्या कप्प्यात, तापलेल्या एक्झॉस्टवर साठलेल्या भुशात सुरू होतात. त्यानंतर निकामी झालेलं बेअरिंग, ब्रेक, वायरिंग आणि पात्यावर आपटलेला दगड. सर्वांत धोक्याच्या पिकांत तिथे मसूर आणि हरभरा धरतात. आदिलाबादमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याची मळणी होते, तीही दुपारच्या वाऱ्यात. अमेरिकेत साउथ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात सूर्यफुलाचा भुसा मका-सोयाबीनच्या भुशापेक्षा कमी तापमानाला पेटतो असं दिसलं होतं. म्हणजे “गेल्या हंगामात सोयाबीन काढलं तेव्हा काही झालं नाही” हा अनुभव दुसऱ्या पिकाला लागू पडत नाही.

याच ऑस्ट्रेलियन अभ्यासानं एका लाडक्या उपायाची हवा काढली. यंत्राच्या मागे जमिनीला टेकेल अशी साखळी लोंबती सोडली, की स्थिर वीज जमिनीत जाते आणि आग लागत नाही, अशी समजूत तिथेही आहे. स्थिर वीज सहसा स्वतः आग लावत नाही, भुसा चिकटून साठायला ती मदत करते, आणि साखळीचा उपयोग दर वेळी होतोच असं नाही, असा निष्कर्ष निघाला. साखळी लावायला हरकत नाही. पण ती लावली म्हणून मॅनिफोल्डवरचा भुसा झटकायचं राहून गेलं, तर ती साखळीच घातक ठरते. दिवसातून दोन-तीनदा यंत्र थांबवून, ब्लोअरनं किंवा नुसत्या कुंच्यानं एक्झॉस्ट, रेडिएटर आणि बेअरिंगांभोवतीचा भुसा काढणं, पट्टा घसरतो का ते पाहणं, करकरणारं बेअरिंग त्याच दिवशी बदलणं: एवढ्यानं बहुतेक आगी सुरूच होत नाहीत. सोयाबीनच्या दिवसांत पंजाबकडून गावोगाव फिरत येणारे हार्वेस्टर रात्रंदिवस चालतात. अशा वेळी चालकाला थांबून झाडायला सांगणं हा शेतमालकाचा हक्क आहे. पीक त्याचं असतं.

“बारा व्होल्टनं झटकासुद्धा बसत नाही, आग कुठून लागणार?” हा प्रश्न ट्रॅक्टरवर म्युझिक सिस्टिम आणि रंगीत दिवे बसवणारी पोरंसोरं आत्मविश्वासानं विचारतात. झटका व्होल्टवर अवलंबून असतो, तार तापणं अँपिअरवर. ट्रॅक्टरची बॅटरी सेल्फ मारताना शेकडो अँपिअर देते. तीच बॅटरी उघड्या पडलेल्या तारेतून चॅसीला भिडली, तर तार लाल व्हायला वेळ लागत नाही. मूळ वायरिंगला फ्यूज असतो. बाहेरून जोडलेली वायर थेट बॅटरीवरून घेतली, तर तिच्यामध्ये काहीच नसतं, आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे तोच बचाव हातानं काढून टाकणं. त्यात उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, विशेषतः जवळ धान्य किंवा सरकी असेल तर. बॅटरीजवळ एक कट-ऑफ स्विच बसवावा आणि रात्री तो बंद करावा. खर्च किरकोळ आहे.

वरच्या तारांची गोष्ट वेगळी, पण तितकीच गंभीर. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारांना जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंची घालून दिली होती. उन्हाळ्यात तारा सैल पडतात, कडब्यानं किंवा कापसानं डोंगराएवढी भरलेली ट्रॉली त्यांच्या जवळ पोहोचते. तार कुठे लोंबते आहे हे माहीत असेल तर वीज कंपनीच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी तो कामाला येतो. ट्रॉली तारेला लागलीच तर चालकानं सीटवरच थांबायचं असतं. आग लागून उतरणं भाग पडलं, तर एक पाय ट्रॅक्टरवर आणि एक जमिनीवर असं कधीही होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून दूर उडी मारायची आणि पाय न उचलता फरफटत लांब जायचं.

धावत्या ट्रॉलीला आग लागली की अनेकांचा पहिला विचार तळ्यापर्यंत किंवा गावापर्यंत दामटत नेण्याचा असतो. वेगाचा वारा आगीला पोसतो आणि जळते पुंजके रस्त्याकडेच्या शेतात उडवतो. नांगरलेल्या, मोकळ्या जागी थांबून, जमत असेल तर पिन काढून ट्रॅक्टर पुढे घ्यावा, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. ट्रॅक्टरवर आयएसआय खुणेचं सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक असावं. ते अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामं होतं, म्हणून ज्वाळेच्या बुडाशी मारायचं. इंजिनाच्या आगीसाठी ते उत्तम, कापसातल्या धुमसत्या निखाऱ्यासाठी अपुरं. सततच्या धक्क्यांनी आतली पावडर घट्ट बसते, तेव्हा महिन्यातून एकदा ते उलटं करून हलवावं. पेटत्या डिझेलवर पाणी नको, माती.

आता विमा. सर्वांत महागडे गैरसमज इथेच आहेत.

“ट्रॅक्टरचा विमा काढलाय” या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा थर्ड पार्टी विमा काढलाय एवढाच असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नं सक्तीचा केलेला विमा तो हाच, आणि तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी आहे. स्वतःचा ट्रॅक्टर जळाला तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ भाग असलेली पॅकेज पॉलिसी लागते. तिच्यात आग, स्फोट, आपोआप पेट घेणं आणि वीज कोसळणं हे धोके पहिल्या ओळीत असतात. कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरला पहिल्या वर्षी फायनान्स कंपनी अशी पॉलिसी घ्यायला लावते. पुढच्या वर्षांत हप्ता कमी करायला शेतकरी थर्ड पार्टीवर येतो आणि पहिल्या वर्षीची आठवण धरून राहतो. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे वाहनाची ठरलेली किंमत, छापलेली आहे का ते पाहावं. थर्ड पार्टीच्या कागदावर ती नसते. आयडीव्ही दर वर्षी उतरते, मोटार टॅरिफच्या तक्त्यात पाचव्या वर्षात घट ५० टक्के धरली आहे.

ट्रॉली ही वेगळी नोंदवलेली बाब आहे, तिचा उल्लेख पॉलिसीवर वेगळा हवा. रोटावेटर, थ्रेशर, ट्रॉलीतला कापूस हे ट्रॅक्टरच्या विम्यात आपोआप येत नाहीत. घरात साठवलेला कापूस घराच्या विम्यात येईल असंही धरू नये. तो विक्रीचा माल आहे, आणि त्याचं संरक्षण कंपनीकडून लेखी घ्यावं लागतं. तेलंगण सरकारच्या रयतु बीमा योजनेचे पाच लाख शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाला मिळतात, यंत्राशी तिचा संबंध नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळमध्ये पाहुण्यांनी भरलेला पंतप्रधान पीक विमाही इथे उदाहरण म्हणून चालेलच असं नाही. तेलंगण २०२० मध्ये त्या योजनेतून बाहेर पडलं होतं.

नोंदणीचा मुद्दा हलक्यात घेतला जातो. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तात्पुरती नोंदणी संपलेल्या वाहनाचा दावा नाकारणं योग्य ठरवलं. नंबर न पडलेला नवा ट्रॅक्टर हंगामभर पळवणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. उलट बाजूला, शेतीचा ट्रॅक्टर भाड्यानं चालवला म्हणून दावा पूर्ण बुडाला असं समजून गप्प बसायचंही कारण नाही. अमलेंदू साहू खटल्यात २०१० मध्ये, खासगी वापराचा विमा असलेलं वाहन भाड्यानं दिलेलं असतानाही न्यायालयानं दावा ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची वाट मोकळी ठेवली. आणि आरसी बुक ट्रॅक्टरच्याच पेटीत जळालं असेल, तर गुरमेल सिंग खटल्याचा २०२२ चा निकाल आहे: विमेदाराच्या हाताबाहेरच्या कारणानं जो कागद देणं अशक्य आहे, त्याच्यासाठी कंपनीनं अडून बसू नये.

आग विझल्यावर जळका सांगाडा सर्व्हेअर येईपर्यंत हलवू नये. त्याच दिवशी कंपनीला कळवावं, फोटो काढावेत, अग्निशमन केंद्राचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा घ्यावा. दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर आलं नाही, तर हैदराबादच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर करण्याचा त्याला अधिकार आहे.