आवळण्याआधी सैल सोडा

लघवी अडखळत होणे, शौचास कुंथावे लागणे, बसल्यावर माकडहाडापाशी दुखणे: उतारवयात या तक्रारी संकोचापोटी सांगितल्या जात नाहीत. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय व गुदाशय तोलून धरतात. ते जसे सैल पडतात, तसे कधी आखडूनही राहतात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला आवळण्याचा व्यायाम दुर्बल स्नायूंसाठी आहे. आखडलेल्या स्नायूंचा त्रास त्याने वाढू शकतो. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे.

स्नायू आखडलेले असल्यास उताणे निजून गुडघ्यांखाली उशी घ्यावी. नाकाने सावकाश श्वास घेताना पोट वर येऊ द्यावे. श्वासपटलासोबत हा तळही अलगद खाली उतरतो. श्वास सोडताना काहीही आवळू नये. पाच मिनिटे पुरेत. खुर्चीत पुढे घसरून माकडहाडावर रेलू नये. पाठ सरळ, पावले जमिनीवर टेकलेली असावीत.

शुश्रूषा करणाऱ्यांनी शौचाच्या वेळी घाई करू नये. कमोडवर बसल्यावर पायांखाली न हलणारा पाट दिल्यास कुंथणे कमी होते. उठण्यापूर्वी तो बाजूला घ्यावा. लघवीत रक्त, जांघेत बधिरता किंवा लघवी अचानक तुंबणे आढळल्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.