टोचन कोण लावणार?

गेल्या जुलैतली गोष्ट. बदलापूरला डॉक्टरांकडे जाऊन आई आणि मी शेलूला घरी परतत होतो. दिवसभर पाऊस कोसळत होता, उल्हास नदी दुथडी भरली होती. शेलू स्टेशन जवळ आले, तेव्हा रस्त्याच्या एका सखल भागात पाणी साचलेले दिसले. पुढचा टेम्पो सहज निघून गेला, म्हणून मीही गाडी घातली. टेम्पो उंच असतो आणि आपली गाडी बुटकी, हे त्या वेळी सुचले नाही. मधोमध इंजिन बंद पडले. संध्याकाळचे सव्वासात वाजले होते आणि मागच्या सीटवर ब्याऐंशी वर्षांची आई होती.

वर्षाला पैसे भरून ‘रोडसाइड असिस्टन्स’ची सेवा घेतलेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. मोबाइलची रेंज इतकी कमी होती की ॲप उघडेना, म्हणून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अदबीने सगळी माहिती घेतली. ठिकाण विचारल्यावर मी ‘शेलू, महाराष्ट्र’ सांगितले. चाळीस मिनिटांनी एका ड्रायव्हरचा फोन आला. ‘ताई, मी स्टँडजवळ आलोय. गाडी कुठं आहे तुमची?’ मी म्हटले, शेलूला स्टँड कुठे आहे? दोघेही क्षणभर गप्प झालो. तो उभा होता परभणी जिल्ह्यातल्या सेलूत.

आम्ही दोघेही हसलो, पण आईकडे बघितल्यावर माझे हसू ओसरले. अखेर एका शेजाऱ्यांनी नेरळच्या गॅरेजवाल्याचा नंबर दिला आणि अर्ध्या तासात दोन मुले पिकअप घेऊन आली. त्यांतला मोठा आधी मला म्हणाला, ‘ताई, आता चावी अजिबात फिरवू नका.’ मग टोचन लावताना सहज बोलून गेला, ‘तुमच्या कंपनीने बरोबर पत्ता घेतला असता, तरी कॉल मलाच आला असता. या भागात त्यांचं काम मीच करतो.’

ज्या सेवेचे मी पैसे भरले होते ती म्हणजे नेमके काय, हे मला त्या वाक्याने शोधायला लावले. हा लेख त्या शोधातून झाला आहे.

क्लबपासून कंत्राटापर्यंत

मोटार जितकी जुनी, तितकीच तिची वाटेत थांबण्याची खोडही जुनी. पहिल्या मोटारींना जादा चाक नसे. टायर फुटला की रस्त्यातच तो उतरवून दुरुस्त करावा लागे. १९०४ साली वेल्समधल्या लनेथ्ली गावात डेव्हिस बंधूंनी फुटलेल्या चाकाला वरून जोडता येईल असे तयार चाक विकायला काढले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून चाकाचे नावही ‘स्टेपनी’ पडले. इंग्लंडात तो शब्द केव्हाच मागे पडला. आपल्याकडे मात्र तो अजून पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे. ‘टोचन’चेही असेच. ‘टो’ आणि ‘चेन’ यांची सांगड आपल्या गॅरेजांनीच घातली असावी.

जादा चाकाने पंक्चरचा प्रश्न सुटला, बाकीचे बिघाड राहिले. त्यांच्यासाठी मोटारवाले एकत्र आले. ब्रिटनमधली ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ साली निघाली ती खरे तर वेगमर्यादा तोडणाऱ्यांना पकडायला लपून बसलेल्या पोलिसांपासून सभासदांना सावध करण्यासाठी. तिचे गस्तीदार सभासदाची गाडी दिसली की सलाम करत. सलाम केला नाही, तर पुढे पोलीस आहेत असे समजायचे. हळूहळू हेच गस्तीदार बंद पडलेल्या गाड्याही दुरुस्त करू लागले. जर्मनीतला ‘एडीएसी’ हा क्लब १९०३ साली मोटारसायकलस्वारांनी काढला. आज त्याचे सभासद दोन कोटींहून अधिक आहेत. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ साली स्थापन झाली आणि ती आजही सुरू आहे.

क्लबचा हिशेब साधा होता. सभासद वर्गणी देत आणि मदतीला येणारा माणूस क्लबचा असे. १९६३ साली फ्रान्समध्ये ‘युरोप असिस्टन्स’ निघाली आणि निराळी पद्धत रुजली. अशा कंपनीकडे स्वतःची गॅरेजे असावी लागत नाहीत. तिच्याकडे असते फोन घेणारे केंद्र आणि जागोजागच्या गॅरेजांशी केलेले करार. भारतात आज जी सेवा मिळते ती प्रामुख्याने या दुसऱ्या पद्धतीची. विमा कंपनी किंवा गाडीची कंपनी हे काम असिस्टन्स कंपनीला देते, ती ते आपल्या यादीतल्या गॅरेजवाल्याकडे सोपवते आणि शेवटी टोचन लावायला येतो तो नेरळचा, कर्जतचा किंवा खोपोलीचा मुलगा. माहितीपत्रकात नाव पहिल्या दुव्याचे असते. आपल्याला गरज असते ती शेवटच्या दुव्याची.

पॉलिसीत काय असते, काय नसते

अनेकांचा समज असतो की गाडीचा विमा आहे म्हणजे टोचनही आले. माझाही होता. आपल्याकडच्या खासगी कारच्या सर्वसमावेशक पॉलिसीचा ठरलेला मजकूर काढून वाचला, तेव्हा तीन गोष्टी कळल्या.

पहिली, अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी हलवण्याचा खर्च मिळतो, पण एका अपघातामागे १५०० रुपयांपर्यंतच. दुसरी, यांत्रिक वा विद्युत बिघाड मुळात विम्यातच धरलेला नाही. बॅटरी उतरली, क्लच गेला किंवा चावी आत राहून दार बंद झाले, तर मूळ पॉलिसी काहीही देत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून रोडसाइड असिस्टन्सचे वेगळे कलम घ्यावे लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अपघात वा बिघाडानंतर दुरुस्तीआधीच गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी.

नेरळच्या मुलाने चावी फिरवू नका म्हटले, त्याचा अर्थ मला इथे उलगडला. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखे आकसत नाही. पुन्हा स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखावर जाऊ शकते. इंजिनात पाणी शिरून झालेल्या अशा नुकसानीसाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे आणखी निराळे कलम असते. उल्हास नदीच्या काठावर राहणाऱ्याने टोचनच्या आधी त्याचा विचार करावा. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. जिथे रेल्वे अडकते, तिथे आपल्या गाडीचा काय पाड!

निवडताना काय पाहावे

ही सेवा तीन ठिकाणी मिळते. नव्या गाडीबरोबर कंपनी बहुधा पहिली काही वर्षे देते, पुढे पैसे भरून मुदत वाढवता येते. विमा पॉलिसीला जोडून घेता येते. किंवा स्वतंत्र कंपनीचे वार्षिक सभासदत्व घेता येते. तिन्ही एकाच वेळी असणे म्हणजे एकाच कामाचे तिप्पट पैसे, म्हणून आपल्याकडे आधीच काय आहे ते तपासावे. तिन्हींत शेवटचा दुवा एकच गॅरेज असू शकते. मग फरक कशात? माझ्या मते पुढच्या पाच प्रश्नांच्या उत्तरांत.

पहिला प्रश्न: माझ्या गावात कोण येणार? ‘संपूर्ण भारतात सेवा’ हे उत्तर पुरेसे नाही. आपले गाव, तालुका आणि पिनकोड सांगून सर्वांत जवळचा सेवा देणारा कुठला आहे, हे पैसे भरण्याआधी विचारावे. रात्री आणि पावसाळ्यातही तोच येतो का, हेही विचारावे.

दुसरा प्रश्न: मोफत किलोमीटर कुठून मोजायचे? समजा, २५ किलोमीटर टोचन मोफत आहे. ते गाडी उचलल्यापासून मोजतात की टोचनची गाडी तिच्या जागेवरून निघाल्यापासून, जाऊन-येऊन की एकेरी? शेलूहून पनवेलचे सर्व्हिस सेंटर चाळिसाच्या पुढे आहे. वरच्या किलोमीटरचा दर लेखी नसेल, तर रात्री दहा वाजता रस्त्यावर उभे राहून घासाघीस करता येत नाही.

तिसरा प्रश्न: गाडी उचलून नेणार की ओढून? जुनी गाडी दोर बांधून ओढता येई, बॅटरी उतरली तर ‘दे धक्का’ करून चालूही होई. ऑटोमॅटिक गाडीला धक्का चालत नाही आणि तिची फिरती चाके जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्स खराब होऊ शकतो. विजेवरच्या गाडीला तर फ्लॅटबेडच हवा. ‘माझी ऑटोमॅटिक असती तर?’ मी त्या मुलाला विचारले. ‘मग मी हात लावला नसता. बदलापूरहून फ्लॅटबेड मागवावा लागला असता,’ तो म्हणाला.

चौथा प्रश्न: माझ्या गाडीत स्टेपनी आहे का? हा आपण स्वतःलाच विचारायचा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे किट असेल, तर कारमध्ये जादा चाक ठेवण्याची सक्ती २०२० मध्ये उठली. अशा गाडीला ‘चाक बदलून देऊ’ या आश्वासनाचा उपयोग नाही. टायर कडेने फाटला की थेट टोचनच.

पाचवा प्रश्न: वर्षात किती वेळा? बहुतेक योजनांत मर्यादा असते. दुरुस्तीचे सामान, टायर, इंधन यांचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. योजना घेतल्यापासून पहिले काही दिवस सेवा मिळत नाही, अशीही अट असू शकते. बारीक अक्षरांतले हे पान वाचायला दहा मिनिटे लागतात.

रस्ता कोणता, हेही लक्षात ठेवावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी थांबली, तर आधी माणसांनी खाली उतरून कठड्यापलीकडे जावे, मग तिथल्या गस्तीला कळवावे. आपल्या असिस्टन्स कंपनीचा फोन त्यानंतर. नेरळहून माथेरानला चढणाऱ्या घाटात उभ्या चढावर क्लच जळणे किंवा इंजिन तापणे नेहमीचेच. तिथे मात्र आपण आणि आपण निवडलेला माणूस, एवढेच असतो.

सेवा मिळालीच नाही तर? विम्याला जोडलेले कलम असेल, तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग विमा लोकपालाकडे जाता येते. स्वतंत्र सभासदत्व असेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि पुढे ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी रायगडच्या माणसाला तिकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. फोनची वेळ, तक्रार क्रमांक आणि आलेले मेसेज तेवढे जपून ठेवावेत.

घाटाआधीचे इंजिन

कर्जत स्टेशनावर पुण्याकडे जाणारी गाडी थांबते तेव्हा तिला मागून जादा इंजिने लागतात. बोरघाटाचा चढ सदतीसला एक असा आहे, म्हणून ‘बँकर’ म्हणून ओळखली जाणारी ही इंजिने गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. गाडी घाटात अडकल्यावर इंजिन शोधण्याची पद्धत रेल्वेने ठेवलेली नाही. लहानपणापासून मी ते पाहत आले, पण स्वतःच्या गाडीसाठी तसा विचार केला नव्हता.

आता केला आहे. जुने सभासदत्व संपल्यावर मी तीन ठिकाणी फोन करून वरचे प्रश्न विचारले. दोघांनी ‘ऑल इंडिया नेटवर्क’ एवढेच सांगितले. तिसऱ्याने थांबायला सांगून, शोधून, नेरळ आणि बदलापूर अशी दोन नावे दिली. हप्ता थोडा जास्त होता, तरी तिथेच पैसे भरले. पॉलिसीला ‘इंजिन प्रोटेक्ट’ जोडून घेतले. घराच्या आसपास गाडी अडली तर नेरळच्या मुलाचा नंबर फोनमध्ये आहेच. सभासदत्व आहे ते सातारा-कोल्हापूरच्या वाटेसाठी, जिथे आपल्याला शेजारी नाही. डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘शेलू, नेरळजवळ, तालुका कर्जत, जिल्हा रायगड’. खाली पिनकोड.

त्या रात्री साडेनऊला आम्ही घरी पोचलो. आईचे कपडे बदलून तिला चहा देत होते, तेवढ्यात फोन वाजला. परभणीच्या सेलूचा तोच ड्रायव्हर होता. ‘ताई, कुणी आलं का तुमच्याकडं? आजी बऱ्या आहेत ना?’ त्या फेरीचे त्याला काहीच मिळणार नव्हते. मी आभार मानले आणि त्याचाही नंबर लिहून ठेवला. मराठवाड्यात कधी गाडी अडली, तर कोणाला फोन करायचा ते आता ठरलेले आहे.