पायपीट कुणाची?

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ मध्ये सुरक्षा तपासणी आटोपून निघालं, की पाट्यांवरचे आकडे वाढत जातात आणि आपलं गेट काही येत नाही. खांद्यावरची बॅग जड होत जाते आणि माणूस वास्तुरचनाकाराच्या नावानं बोटं मोडतो. खरं कारण मात्र काचेपलीकडे उभं असतं: विमानाचे पंख.

एअरबस ए-३२० च्या पंखांची रुंदी सुमारे ३६ मीटर. शेजारच्या विमानापासूनचं सुरक्षित अंतर धरलं, की एका विमानामागं इमारतीची ४० मीटर लांबी जाते. अशी २० विमानं ओळीनं लावली तर झाले ८०० मीटर. बोइंग ७७७-३०० ईआर आलं, तर एकट्यालाच ७० मीटरच्या वर जागा हवी. एवढी लांबी कशी दुमडायची, हाच टर्मिनलच्या आराखड्यातला मूळ प्रश्न.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीनं १९७२ मध्ये ती दुमडलीच नाही, नुसती वाकवली. नालेच्या आकाराच्या इमारती बांधल्या. गाडीतून उतरा, समोर गेट. पण अपहरणांमुळे १९७३ पासून अमेरिकेत प्रवाशांची तपासणी सक्तीची झाली. तपासणीची ठिकाणं जागोजागी मांडावी लागली आणि तपासणीनंतरच्या चिंचोळ्या जागेत दुकानांची, स्वच्छतागृहांची पंचाईत झाली. अखेर २०२३ मध्ये तिथं एकच सलग टर्मिनल उभं राहिलं.

दुसरा मार्ग हातांचा. मुख्य इमारतीतून लांब हात काढायचा आणि दोन्ही बाजूंना विमानं लावायची. तीच २० विमानं आता ४०० मीटरमध्ये बसतात. पण दोन हातांच्या बेचक्यात एक विमान मागं सरकू लागलं, की दुसऱ्याला इंधन जाळत थांबावं लागतं.

अटलांटानं १९८० मध्ये हे हात तोडून मैदानात समांतर मांडले. विमानांना मोकळी वाट मिळाली, प्रवाशांसाठी जमिनीखालून रेल्वे आली. ती अडली, की विमानतळ अडला.

वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर वास्तुरचनाकार एरो सारिनेन यांचा विचार याहून धाडसी होता. १९६२ मध्ये तिथं चाकांवरची प्रतीक्षालयंच प्रवाशांना घेऊन विमानापाशी जाऊ लागली. पण एका विमानातून उतरून दुसरं गाठणाऱ्याला हा फेरा नकोसाच. पुढं तिथंही मैदानात गेटच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २०१० मध्ये रेल्वे आली.

म्हणजे अंतर मिटत नाही. ते प्रवाशाच्या पायांवरून विमानाच्या इंधनावर, नाहीतर रेल्वेच्या देखभालीवर ढकलता येतं.

मुंबईत तर चहूबाजूंनी शहर दाटलेलं, आणि सहारचं जुनं टर्मिनल चालू ठेवूनच नवं बांधायचं होतं. एसओएम या वास्तुरचना संस्थेनं इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा आराखडा केला: मधोमध गाभा, त्यातून निघालेले लांब हात, वर आंतरराष्ट्रीय आणि खाली देशांतर्गत प्रवासी. एकच गेट गरजेप्रमाणे दोन्ही कामांना वापरता येतं. २०१४ मध्ये हे टर्मिनल सुरू झालं.

त्याआधी नागपूरहून येऊन लंडनचं विमान पकडणाऱ्याला सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलवर उतरून, सामानासह सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर जावं लागे. आता बऱ्याच जणांचा हा बदल एकाच छपराखाली होतो. गेटपर्यंतची पायपीट म्हणजे त्या चुकलेल्या फेऱ्याचं भाडं.