रिचार्ज नाही, भाडं नाही, रेकॉर्डिंग मात्र पक्कं!

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत घरांवर नजर टाका: दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून असतात. त्यांचा जीसॅट-15 उपग्रह विषुववृत्तावर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंच आहे. कुहीतून तो क्षितिजापासून साधारण 60 अंश वर येतो. छत्री मात्र बरीच उभी दिसते, कारण तिचा एलएनबी (सिग्नल टिपणारा भाग) मधोमध नसून खालच्या बाजूला असतो.

दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने 33 वाहिन्यांनिशी सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच. पुढे दरमहा काहीच नाही.

खरी गंमत बॉक्सच्या यूएसबी पोर्टात आहे. दुकानात नुसतं ‘यूएसबी आहे का?’ विचारून भागत नाही. काही बॉक्स पेनड्राइव्हवरची गाणी वाजवतात, पण रेकॉर्डिंग करत नाहीत. ‘रेकॉर्डिंग होते का? टायमर लागतो का?’ असं स्पष्ट विचारा.

साधी वाहिनी सेकंदाला 4 मेगाबिट धरली, तर तासाला 1.8 जीबी जागा लागते. म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर सतरा तासांच्या आसपास सह्याद्री वाहिनी मावते! मात्र एफएटी-32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून लांबलचक कार्यक्रमाचे तुकडे पडतात.

टायमर लावण्याआधी घड्याळ तपासाच. उपग्रहावरून येणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते; बॉक्समध्ये +5:30 भरलं नाही, तर रात्री आठची मालिका राहून जाते आणि मध्यरात्रीनंतरचा भलताच कार्यक्रम टिपला जातो. भिंतीवरचं बटण बंद करून झोपलात, तर तेही नाही.

कार्यक्रम टिपून सवडीने पाहण्यावरून अमेरिकेत मोठा खटला झाला होता. 1984 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरच्या बाजूने निकाल दिला. सामान्य प्रेक्षकाच्या सोयीची बाजू तिथे जिंकली, याचा मला फार आनंद वाटतो.

मार्चच्या मध्यास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फुटलं, तर बॉक्सला दोष देऊ नका. तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. मुसळधार पावसातही सिग्नल जातो. ही सेवा ज्या केयू बँडच्या लहरींवर येते, त्यांचा तो स्वभावच आहे.

क्रिकेटवाल्यांसाठी खास: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणं 2007 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आता विकत घेताना शेवटची परीक्षा. स्वतःचा पेनड्राइव्ह सोबत न्या, दुकानातच दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि तो काढून संगणकाला लावा. फाइल तिथे चालली तरच पैसे द्या.