चिंध्यांच्या कोटातून निघालेली गाणी

दोन खणांच्याही नसलेल्या लाकडी घरात वाढलेल्या डॉली पार्टननं आयुष्यात जे जे घडलं, त्याची गाणी केली. ती जगभर गाजली. पण त्यातल्या एका गाण्यासाठी तिला चक्क एल्विस प्रेस्लीला 'नाही' म्हणावं लागलं!

एल्विस प्रेस्ली आपलं गाणं गाणार! १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कुठल्याही गीतकाराला याहून मोठी बातमी काय असणार? डॉली पार्टननं आनंदाच्या भरात ती सगळ्यांना सांगूनही टाकली होती. ध्वनिमुद्रणाची वेळ ठरली आणि अगदी ऐन वेळी एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यानं अट घातली. एल्विस जे नवं गाणं गातो, त्याच्या प्रकाशनहक्कातला निदान अर्धा वाटा त्याच्या बाजूला मिळालाच पाहिजे. म्हणजे गाणं लिहिलं डॉलीनं. पण पुढे ते जिथे जिथे वाजेल, तिथल्या प्रकाशकाच्या कमाईतले निम्मे पैसे दुसऱ्याच्या खिशात जाणार.

डॉलीनं नकार दिला आणि मग रात्रभर ती रडत राहिली.

आलेली लक्ष्मी तिनं लाथाडली, असंच तेव्हा अनेकांना वाटलं. पण तिच्या लेखी ते गाणं म्हणजे नुसता माल नव्हता. हे समजून घ्यायचं, तर तिची गाणी जन्माला कशी येतात तेच पाहायला हवं.

पोतंभर मक्याचं पीठ

टेनेसी राज्यातल्या स्मोकी पर्वताच्या कुशीत १९ जानेवारी १९४६ रोजी डॉलीचा जन्म झाला. बारा भावंडांत ती चौथी. घर एका खोलीचं. वीज नाही, नळ नाही. बाळंतपणासाठी आलेल्या डॉक्टरांना द्यायला वडिलांकडे रोख पैसे नव्हते. त्यांनी फी म्हणून पोतंभर मक्याचं पीठ दिलं. वडील रॉबर्ट ली शेतात राबत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण व्यवहारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. आई एव्ही ली जुनी लोकगीतं आणि चर्चमधली भजनं गात असे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतल्या अशाच गाण्यांतून 'कंट्री' संगीत तयार झालं. गिटार, बँजो, फिडल ही त्यातली वाद्यं आणि घर, कष्ट, प्रेम, विरह, देव हे त्यातले विषय. बिल ओवेन्स या मामानं डॉलीच्या हाती गिटार दिली आणि तिचं गाणं सुरू झालं. १९६४ साली शाळा संपली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कंट्री संगीताची पंढरी असलेल्या नॅशव्हिल शहरात दाखल झाली. पहिल्याच दिवशी कपडे धुवायला ती एका लाँड्रीत गेली. तिथे कार्ल डीन नावाचा तरुण भेटला. दोन वर्षांनी, १९६६ साली, दोघांचं लग्न झालं. त्याच सुमारास मामा-भाचीनं मिळून गाण्यांची स्वतःची प्रकाशन कंपनीही काढली. खिशात दमडी नसताना उचललेलं हे पाऊल पुढे लाखमोलाचं ठरलं.

पावतीवर उतरलेला कोट

१९६७ साली पोर्टर वॅगनर या नामवंत गायकानं डॉलीला आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात घेतलं. त्याच्याबरोबर बसनं गावोगावचे दौरे सुरू झाले. १९६९ साली अशाच एका प्रवासात तिला लहानपणचा एक प्रसंग आठवला आणि ओळी सुचू लागल्या. जवळ कागद नव्हता. पोर्टरचे चमचमत्या खड्यांचे सूट नुकतेच ड्राय क्लीन होऊन आले होते. त्यावरची पावती तिनं ओढून घेतली आणि तिच्यावर गाणं लिहून काढलं.

प्रसंग साधाच होता. कुणीतरी दिलेल्या चिंध्यांतून आईनं तिच्यासाठी कोट शिवला होता. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात, तसाच तुकड्याला तुकडा जोडून. शिवता शिवता आईनं बायबलमधल्या योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगितली. तो कोट मिरवत डॉली शाळेत गेली आणि सगळा वर्ग हसला! आईनं एवढ्या मायेनं शिवलेल्या कोटाला कुणी हसतं कसं, हेच त्या पोरीला कळेना.

१९७१ साली 'कोट ऑफ मेनी कलर्स' याच नावाच्या तबकडीत हे गाणं आलं. त्यात गरिबीचं रडगाणं नाही. आपण श्रीमंत आहोत, असं त्यातली मुलगी मनापासून मानते. ती पावती पुढे पोर्टरनं चौकटीत बसवून घेतली. २०११ साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'नं राष्ट्राचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांत या गाण्याचा समावेश केला. ज्या कोटाला वर्ग हसला, त्याला असा मान मिळाला.

बँकेतली ती

लग्नानंतरच्या काळात कार्लच्या बँकेतल्या फेऱ्या अचानक वाढल्या. तिथल्या लाल केसांच्या एका मुलीला तो आवडला होता आणि तिनं लक्ष दिलेलं त्यालाही बरं वाटत होतं. बँकेत एवढं जाण्याइतके पैसे आपल्याकडे आहेत कुठे, असं म्हणत डॉली त्याची फिरकी घेई. घरात तो थट्टेचाच विषय झाला होता. पण थट्टेच्या तळाशी बायकोच्या मनातली धाकधूक होतीच.

गाण्याला नाव मिळालं ते वेगळ्याच ठिकाणी. एका कार्यक्रमानंतर लाल केसांची, हिरव्या डोळ्यांची एक छोटी मुलगी सही घ्यायला आली. नाव विचारलं तर म्हणाली, जोलीन. विसरू नये म्हणून बसपर्यंत जाईतो डॉली ते नाव पुटपुटत राहिली. बँकेतल्या मुलीचं वागणं आणि या पोरीचं नाव, दोन्ही एकत्र आलं आणि १९७३ साली 'जोलीन' हे गाणं बाहेर पडलं.

त्यातली बायको भांडत नाही, शिव्याशाप देत नाही. दुसरीच्या रूपाची मनमोकळी तारीफ करते आणि माझा नवरा नेऊ नकोस, अशी विनवणी करते. एवढं उघडंवागडं मन कंट्री संगीतातही क्वचितच ऐकायला मिळे. १९७४च्या सुरुवातीला हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पन्नास वर्षांनी, २०२४ साली, बियॉन्सेनं ते नव्यानं गायलं तेव्हा शब्द बदलून विनवणीची चक्क ताकीद केली. डॉलीच्या संसाराचं म्हणाल, तर तो जवळजवळ साठ वर्षं टिकला. मार्च २०२५ मध्ये कार्लचं निधन झालं.

नखांवर धरलेला ताल

१९८० साली जेन फोंडा आणि लिली टॉमलिन यांच्याबरोबर 'नाइन टू फाइव्ह' हा डॉलीचा पहिला चित्रपट आला. ऑफिसात राबणाऱ्या आणि साहेबाचा जाच सोसणाऱ्या तीन बायकांची ही गोष्ट. शीर्षकगीत आपण लिहिणार, या अटीवरच डॉलीनं काम स्वीकारलं होतं. चित्रीकरणात दोन शॉट्सच्या मधे बराच वेळ रिकामा जाई. लांब कृत्रिम नखं एकमेकांवर आपटली, की टाइपरायटरसारखा टकटकाट होतो, हे तिच्या ध्यानात आलं. त्याच तालावर गाणं बांधलं गेलं आणि ध्वनिमुद्रणातही तो नखांचा आवाज तसाच ठेवला. गाणं तुफान गाजलं, ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचलं. राबतो एक आणि श्रेय घेतो दुसराच, हा अनुभव कुठल्या ऑफिसात नाही?

निरोपाचं गाणं

आणि एल्विसला न दिलेलं ते गाणं? त्याची जन्मकथा या साऱ्यांहून अवघड आहे.

पोर्टरच्या कार्यक्रमात पाच वर्षं राहायचं, असं डॉलीनं मनाशी ठरवलं होतं. सात वर्षं होत आली. आता तिला स्वतःच्या वाटेनं जायचं होतं. पोर्टरला ते मान्य नव्हतं. त्यानंच तिला मोठं केलं होतं, त्यामुळे उपकाराचं ओझंही होतं. रोजची वादावादी सुरू झाली. आपलं बोलणं तो ऐकूनच घेत नाही, हे पाहिल्यावर १९७३ साली एका रात्री घरी बसून तिनं गाणं लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीत जाऊन ते त्याला गाऊन दाखवलं. मी जाते आहे, पण तुझ्याबद्दलची माया कायम राहील, एवढंच त्यात होतं. पोर्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तुझं सर्वांत चांगलं गाणं आहे, असं तो म्हणाला. त्याची निर्मिती मी करणार असेन तर तू खुशाल जा, अशी मोकळीकही त्यानं दिली.

हेच ते 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. प्रेमिकांचं गाणं म्हणून जग ते ऐकतं; मुळात ती गुरूची घेतलेली रजा आहे. १९७४ साली ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर एल्विसचा तो प्रसंग घडला. एवढ्या जड मनानं लिहिलेलं गाणं अर्ध्यावर कसं वाटून द्यायचं? जे काही कमवीन ते माझ्या घरच्यांसाठी, असा तिचा हिशेब होता. व्यवहारात न फसणाऱ्या बापाचीच ती लेक!

१९९२ साली 'द बॉडीगार्ड' या चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. गाडी चालवताना डॉलीनं ते रेडिओवर अचानक ऐकलं आणि तिला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. हक्क तिच्याकडेच असल्यानं पैसा अक्षरशः धो धो आला. त्यातूनच नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीत आपण इमारत घेतल्याचं तिनं २०२१ साली सांगितलं. ज्यांचा आवाज या गाण्याला मिळाला, त्यांच्या माणसांत हा पैसा जावा, ही त्यामागची भावना.

पोर्टरचं काय झालं? १९७९ साली त्यानं डॉलीवर दावा ठोकला. पैसे देऊन तो मिटवावा लागला. कटुता मात्र तिनं धरून ठेवली नाही. पुढे त्याला पैशांची चणचण भासली तेव्हा ती मदतीला धावली. ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या मानाच्या रंगमंचावर त्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा २००७ साली त्याच्यासमोर उभं राहून तिनं तेच निरोपाचं गाणं पुन्हा म्हटलं. काही महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, तो गेला. शेवटच्या दिवशी डॉली त्याच्याजवळ होती.

गाण्यात दिलेला शब्द तिनं असा पाळला.